ओळंबाताईंचं वाकडं चित्र

गेल्या वर्षी १२ जूनला मी १८,६४० रुपयांच्या एका खरेदीला मंजुरी दिली. वस्तू : संगणकाला जोडून चित्र काढायची पाटी आणि तिचं पेन. विभाग : आर्टवर्क. 'कारण' या रकान्यात मागणी करणाऱ्या बाईंनी लिहिलं होतं, "सरळ रेघ सोडून दुसरं काही काढता यावं म्हणून."

याचा कंपनीच्या कामाशी संबंध काय, असा शेरा मारणं माझं कर्तव्य होतं. पण सव्वीस वर्षांत या बाईंनी साधी खुर्चीसुद्धा बदलून मागितली नव्हती. मी त्यांच्या ओळीपुढे "व खोक्यांवरील चित्रांसाठी" एवढं जोडलं आणि सही केली.

आमचा कारखाना खोकी छापतो. औषधांची, साबणांची, दिव्यांची, काचेच्या भांड्यांची. त्या खोक्यांवर काय कुठे बसेल, ते ठरवायचं काम या बाईंचं. गवंडी भिंत सरळ आहे का ते बघायला दोरीला वजन बांधून सोडतो, त्याला ओळंबा म्हणतात. कारखान्यात त्यांचं तेच नाव पडलं, ओळंबाताई, आणि त्यांनी ते आनंदाने घेतलं. माझ्या खोलीत आल्या की बसण्याआधी भिंतीवरचं कॅलेंडर नीट करणार. एकदा म्हणे बँकेत रांग वाकडी होती म्हणून लोकांना एकेक पाऊल डावीकडे सरकवून आल्या. ही गोष्ट मामा सांगतात. ताई म्हणतात, "मामांचं काही ऐकू नका. दोघांनाच सरकवलं होतं."

मामा म्हणजे आमचे तपासनीस. कुणाचे मामा ते माहीत नाही, सगळे म्हणतात म्हणून मीही म्हणतो. ताईंची फाइल तयार झाली की ती मामांकडे जाते. ते एकेक अक्षर, एकेक रेघ तपासतात, आणि त्यांनी पुढे पाठवल्याशिवाय कारखान्यात काहीही छापलं जात नाही. मामांच्या हातून फाइल गेली की आधीची प्रत पुसून टाकायची, हा नियम ताईंनीच घालून दिला. औषधाच्या खोक्यावर चुकून जुना मजकूर छापला गेला तर कुणाच्या तरी जिवावर बेतायचं, म्हणून एका कामाची एकच प्रत.

अशा बाईंच्या डोक्यात गोंधळ असेल, हे कुणाला वाटलं नव्हतं. त्या खरेदीच्या आदल्या हिवाळ्यात खोकल्याच्या औषधाचं खोकं करताना त्या एकदम थांबल्या. पडद्यावरची रेघ सरळ आहे की तिरकी, तेच त्यांना कळेना. तळहातांना घाम, छाती धडधडतेय. त्या खुर्चीवरून उतरून जमिनीवर बसल्या. त्यांचे यजमान शाळेची बस चालवतात. ते बस घेऊनच दारात आले आणि एवढ्या मोठ्या बसमधून एकट्या बायकोला दवाखान्यात घेऊन गेले. हृदय ठणठणीत निघालं. मग मनाच्या डॉक्टरीणबाईंकडे पाठवलं.

ताईंनी लपवाछपवी केली नाही. जेवणाच्या सुट्टीत डबा उघडत त्यांनी सरळ सांगून टाकलं, "डोक्यात एकाच वेळी दहा रेडिओ लागतात आणि बंद करायचं बटण सापडत नाही. त्यावर गोळ्या दिल्यात."

"मग आता बरं आहे ना?" मामांनी विचारलं.

"आता सहाच रेडिओ लागतात."

घरी मात्र त्यांची पंचाईत होती. यजमान स्वभावाने लाख माणूस, पण प्रत्येक गोष्टीवर त्यांचं एकच उत्तर, "काही नाही होत गं." टायर पंक्चर झालं तरी तेच, पगार लांबला तरी तेच. दवाखान्यात सोडायला यायचे, पण बसमध्येच बसून राहायचे. आत प्रतीक्षागृहात ताई एकट्या.

त्या प्रतीक्षागृहातच पुढची सगळी गोष्ट सुरू झाली. समोरच्या भिंतीवर तळ्याचं एक मोठं चित्र होतं. निळं पाणी, पाण्यावर एक होडी, पलीकडे सूर्य. माणसाला शांत वाटावं म्हणून लावलेलं.

"मी त्या तळ्याकडे बघायची आणि मला आणखी घाबरायला व्हायचं," ताई म्हणाल्या. "जग एवढं निवांत आहे, होडीसुद्धा हलत नाही, म्हणजे बिघडलेली मी एकटीच! शेजारी बसलेले लोकही खाली मान घालून. कुणी कुणाशी बोलत नाही. त्या भिंतीवर असं काहीतरी पाहिजे, की बघितल्यावर वाटलं पाहिजे, अरे, ह्याचंही आपल्यासारखंच आहे."

डॉक्टरीणबाईंना त्यांनी हे बोलून दाखवलं. त्या म्हणाल्या, "काढा की मग. तुमचं डोकं आतून कसं दिसतं ते काढा. मी लावते." म्हणून ती पाटी, म्हणून ते पेन, म्हणून माझी सही.

कामाची वेळ संपली की त्या अर्धा-पाऊण तास थांबायच्या. माझ्या आणि त्यांच्या खोलीमध्ये काचेची भिंत असल्याने मला सगळं दिसायचं. पहिलं चित्र वादळाचं झालं. आम्हाला बोलावलं. काळे ढग, उसळलेल्या लाटा. पण दोन लाटांमधलं अंतर सगळीकडे सारखं.

मामा चष्मा वर करून म्हणाले, "वादळ अगदी शिस्तीत आलंय हो. पास नंबर बघून आत सोडल्यासारखं."

दुसऱ्या चित्रात फाटलेले कागद होते. सगळे एकाच कोनात फाटलेले, चारी बाजूंना सारखा समास सोडून. ताईंनी माझ्याकडे बघितलं. "साहेब, खरं सांगा. बघून कसंतरी होतं का?"

मी जे वाटलं ते सांगितलं. "चित्र स्वच्छ आहे."

"साहेब, शिवी दिली असती तर बरं झालं असतं."

बाईंनी नाना उपाय केले. संगणकात एक सोय असते, दोन वस्तू जवळ आणल्या की त्या आपोआप एका ओळीत चिकटतात. ती बंद केली. हात तरीही ओळीतच जायचा. डाव्या हाताने काढून बघितलं, डोळे मिटून बघितलं. मामा म्हणाले, "ताई, तुम्हाला धक्का मारायला एक माणूस ठेवू का?" नंतर मामांच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं आणि ते मोठ्या रजेवर गेले. खोलीत टोमणे मारणारं कुणी राहिलं नाही.

एका दुपारी ताई वर्षभरातल्या खोक्यांच्या फाइली एकत्र करून ठेवत होत्या. काहीतरी चुकीचं दाबलं गेलं आणि सगळी खोकी एकाच पानावर, एकमेकांच्या डोक्यावर येऊन पडली. काचेतून मला एवढंच दिसलं, की ताई उभ्या राहिल्या आहेत आणि दोन्ही हात गालांवर आहेत. मला वाटलं, पुन्हा तसंच झालं. मी पाण्याचा ग्लास घेऊन धावलो.

"पाणी नको," त्या म्हणाल्या. "हे बघा. हे माझं डोकं."

पडद्यावर शेकडो सूचना एकमेकींवर चढल्या होत्या. काळजीपूर्वक हाताळा. वापरण्यापूर्वी चांगले हलवा. उलटे ठेवू नका. येथे उघडा. लहान मुलांपासून दूर ठेवा. सगळ्या एकाच वेळी ओरडत होत्या आणि एकीचंही पूर्ण ऐकू येत नव्हतं. बारकोडच्या काळ्या काड्या मधूनच घुसलेल्या. मी मिनिटभर बघितलं असेल, मग टेबलाची कड धरली.

"गरगरलं ना?" ताईंचे डोळे चमकले. "साहेब, गरगरलं ना तुम्हाला?"

"थोडंसं."

"वा!" त्यांनी टाळीच वाजवली.

इतकी वर्षं त्या हेच काढत आल्या होत्या, जगाला सूचना. ढग आणि लाटा त्यांच्या नव्हत्याच. तिथून पुढे चित्र भराभर वाढलं. एकेका सूचनेचा एकेक लेयर, म्हणजे काचेवर काच ठेवावी तसा. प्रत्येक काच थोडी फिरवायची, थोडी सरकवायची. रंग एकमेकांवर नेमके बसू द्यायचे नाहीत, सुतभर हलवून ठेवायचे, की अक्षर थरथरल्यासारखं दिसतं. बाण चारी दिशांना. "काळजीपूर्वक हाताळा" हे उलटं टांगलेलं. आणि सगळ्यांच्या मधोमध नखाएवढा एक पांढरा चौकोन, त्यात काहीच नाही.

"हे काय?" मी विचारलं.

"बसायची जागा," त्या म्हणाल्या.

दरम्यान डॉक्टरीणबाईंच्या रुग्णालयात भिंती रंगवायला घेतल्या. तिथल्या व्यवस्थापकांना हा चित्राचा प्रकार मुळातच पसंत नव्हता. "असलं चित्र बघून आहेत ते रुग्ण पळून जातील," असं त्यांनी डॉक्टरीणबाईंना ऐकवलं. शेवटी तडजोड झाली. सोमवारी दुपारी बारापर्यंत फ्रेम करून चित्र आलं तर ते लावायचं, नाही आलं तर तळं परत जागेवर, आणि पुन्हा विषय काढायचा नाही.

ताईंनी गुरुवारी संध्याकाळी फाइल पूर्ण केली, नियमाप्रमाणे तपासणीच्या कप्प्यात टाकली आणि शुक्रवारी दाताच्या डॉक्टरांकडे जायचं म्हणून रजा घेतली. त्याच शुक्रवारी मामा नवा डोळा घेऊन कामावर रुजू झाले.

शनिवारी सकाळी ताई आल्या, तेव्हा नमुने छापायच्या मोठ्या यंत्रातून निघालेला कागद टेबलावर पसरलेला होता आणि मामा त्याच्या शेजारी नवऱ्या मुलासारखे उभे होते. मीही तिथेच होतो.

"ताई, एक सांगू? कुणाला बोललो नाहीये," मामा हळू आवाजात म्हणाले. "तुमची खोक्यांची फाइल पार फुटली होती. एक अक्षर धड नव्हतं. म्हटलं, ताईंच्या हातून असं जाणं शक्यच नाही, संगणकानेच घात केला. मालकांनी बघितलं असतं तर उगाच तुम्हाला बोल लागला असता. काल दिवसभर बसून एकेक लेयर सरळ केला. रंग नेमके बसवले. मधे थोडी जागा रिकामी पडली होती, तिथे आपल्या कंपनीचं बोधचिन्ह टाकलं."

कागदावर सगळ्या सूचना रांगेत उभ्या होत्या. बाण एका दिशेला. चारी बाजूंना सारखा समास. मधोमध आमचं बोधचिन्ह, किंचित मोठं.

ताईंनी कागदाची वळलेली कड हाताने सारखी केली. मग म्हणाल्या, "मामा, जेवलात तरी का काल?"

"उठलोच नाही ना."

"फार सुंदर झालंय हो." त्यांनी रांगेतल्या सूचनांवरून बोट फिरवलं. "पण हे तळं झालं."

मामांना उलगडा व्हायला थोडा वेळ लागला. "म्हणजे ते खोक्यांचं काम नव्हतं, तुमचं चित्र होतं? वाकडं होतं ते मुद्दाम?"

"मुद्दाम."

"सगळं?"

"सगळं."

"ते 'काळजीपूर्वक हाताळा' उलटं लटकत होतं, तेसुद्धा?"

"ते तर खास."

मामा स्टुलावर बसले. आधीची प्रत आहे का, हे विचारण्याचंही कारण नव्हतं. मामांनी ती पुसली होती. नियम होता. ताईंनी पर्स उचलली. "जाऊ दे मामा. तुमची काही चूक नाही. मीच सव्वीस वर्षं सरळ राहिले, त्याचं हे फळ. तळंही काही वाईट नाही. होडी आहे त्यात."

मला त्यांची चाल बघवेना. पण मीही काय करणार होतो? तेवढ्यात मामा म्हणाले, "ताई, पर्स ठेवा खाली. बसा. मला सगळं आठवतंय."

"काय आठवतंय?"

"चुका. बरोबर असलेलं मला कधीच लक्षात राहत नाही, पण चूक एकदा दिसली की ती आठ दिवस डोळ्यापुढून हलत नाही. पहिला लेयर काढा. 'येथे उघडा' डावीकडे कलंडलेलं होतं, 'नाजूक वस्तू'च्या पोटावर पाय देऊन."

आणि कामाला सुरुवात झाली. मामा सांगत होते, ताई सरकवत होत्या. असं काम मी जन्मात पाहिलं नव्हतं. मामांना एकेक चूक परत घालताना खरोखर त्रास होत होता. "अजून डावीकडे. अजून थोडं. अगं आई गं, बघवत नाही. हां, तिथंच!" मधेच त्यांचा हात आपोआप पुढे यायचा आणि एखादं अक्षर सरळ करायला बघायचा. ताईंनी दोनदा त्या हातावर चापट मारली. बोधचिन्ह काढलं तेव्हा मामांनी डोळे मिटून घेतले.

दुपारी यजमान आले. शनिवारी शाळा अर्धा दिवस असते, मुलांना घरोघरी सोडून ते ताईंना न्यायला यायचे. तोवर जवळजवळ सगळं जागेवर आलं होतं, फक्त खालचा उजवा कोपरा अडला होता.

"तिथलं नाही आठवत," मामा म्हणाले. "तिथे पोचेपर्यंत मलाच चक्कर यायला लागली होती."

यजमानांना सगळी हकीकत सांगितली. ते हसले. "काही नाही होत गं. कोपरा कोण बघतंय?"

ताईंनी पेन खाली ठेवलं आणि खुर्ची फिरवली. "अहो, तुम्हाला खरंच कधीच काही होत नाही का हो?"

"मला काय व्हायचंय?"

"काहीच नाही? डोक्यात कधी काही फिरत नाही? एकदाही?"

यजमानांनी टोपी काढली, आत बघितलं, परत घातली. आम्ही दोघं तिथे आहोत, याचा त्यांना जरा संकोच होता. मग म्हणाले, "सगळी पोरं उतरली ना, की मी शेवटच्या बाकापर्यंत जातो. खाली वाकून बघतो, कुणी झोपून राहिलंय का. मग बस लावतो."

"ते तर बघायलाच पाहिजे."

"मग परत जाऊन बघतो."

"परत?"

"कधी कधी तिसऱ्यांदा. घराच्या कोपऱ्यापर्यंत आलो आणि माघारी गेलो, असंही झालंय. रिकामीच असते. माहीत असतं रिकामी आहे. तरी पाय वळतात."

"मला म्हणायचात, चाकातली हवा बघून आलो!"

"हवापण बघायचो की."

ताई त्यांच्याकडे बघतच राहिल्या आणि मग हसू लागल्या. यजमानही हसले. वीस वर्षांच्या संसारात त्यांचं हे पहिल्यांदाच कळलं होतं. ताईंनी पेन उचललं आणि त्या कोपऱ्यात बसचे बाक काढायला घेतले. एकामागे एक, रिकामे, मागे जाता जाता वळत गेलेले. यजमान खांद्यावरून सांगत होते, "तसं नाही, खाली वाकून बघितल्यावर दिसतात तसे काढ. उलटे."

"आणि मामा, तुमचं?"

"माझं एकच. दुपारी तीन वाजले की वाटतं, सकाळी कुठेतरी एक टिंब सुटलं." ते टिंब दोन बाकांच्या मधे गेलं.

"साहेब?"

मी म्हणालो, माझं काही नाही. तिघांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी म्हणालो, "कुलूप."

"कुलपाचं काय?"

"लावलं की नाही."

"रोज?"

"निवृत्तीची तारीख जवळ आल्यापासून रोज."

त्यांनी माझं कुलूपही काढलं, उघडंच. मी हरकत घेतली, पण माझं कुणी ऐकलं नाही.

संध्याकाळी फ्रेमवाल्याचं दुकान बंद होता होता आम्ही कागदाची गुंडाळी घेऊन पोचलो. फ्रेमवाल्याने चित्र पसरलं, चारी बाजूंनी फिरून पाहिलं आणि विचारलं, "छापताना मशीन बिघडलं होतं का?" मामा ताडकन म्हणाले, "मशीनला काही झालेलं नाही. हे असंच आहे. तपासून दिलंय."

सोमवारी अकराच्या आत चित्र रुग्णालयात पोचलं. व्यवस्थापकांनी स्क्रू मारणाऱ्या माणसाला थांबवलं. "अहो, हे उलटं लावताय. वरची बाजू कुठली?"

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "बाण बघा ना."

"बाण चारी बाजूंना आहेत!"

"मग कसंही लावा," त्या म्हणाल्या आणि पेशंट तपासायला निघून गेल्या.

पुढच्या तपासणीला ताई गेल्या, तेव्हा यजमान पहिल्यांदाच बसमधून उतरून आत आले आणि शेजारच्या खुर्चीवर बसले. मला हे त्यांनीच सांगितलं. प्रतीक्षागृह भरलेलं, सगळे खाली मान घालून. समोर एक वयस्क गृहस्थ काठीवर हनुवटी टेकून बसले होते. त्यांचं लक्ष चित्राकडे गेलं. बराच वेळ डोळे बारीक करून ते काहीतरी शोधत होते. मग मोठ्याने वाचलं, "'सील तुटले असल्यास स्वीकारू नका.'" आणि इकडेतिकडे बघून म्हणाले, "तरी इथे घेतात हो आपल्याला!"

पलीकडच्या बाई फिस्सकन हसल्या. त्यांच्या शेजारची मुलगी उठून चित्राजवळ गेली आणि म्हणाली, "इथे 'वापरण्यापूर्वी चांगले हलवा' पण आहे. आमच्या घरी रोज सकाळी हेच चालतं." मग काय, जो तो आपापली सूचना शोधायला उठला. त्या रिकाम्या बाकांवरून वाद झाला, ती शाळा आहे की नाटकगृह. यजमान म्हणाले, "बस आहे. शाळेची. मी चालवतो," आणि खाली वाकून कसं बघायचं, ते सगळ्यांना सांगू लागले. शेवटी आतून परिचारिका ओरडत आली, "हळू बोला, हळू! दवाखाना आहे हा." डॉक्टरीणबाईंनी ताईंचा नंबर तीनदा पुकारला होता आणि ताईंना तो ऐकूच आला नव्हता.

चित्र त्या भिंतीवर आहे. फ्रेमचा खर्च रुग्णालय देणार असं ठरलं होतं. त्यातले १४० रुपये फ्रेमवाल्याला अजून मिळालेले नाहीत.